दादाची रजा

मी एकतीस वर्षं बारामतीतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यातला सामान्य आणि अपसामान्य वर्तनाचा धडा दरवर्षी पावसाळा संपता संपता यायचा. मी फळ्यावर चार ओळी लिहायचो. बहुतेक लोक वागतात त्याहून वेगळं वागणं. समाजाच्या रीतीबाहेर वागणं. ज्याचा स्वतःलाच त्रास होतो असं वागणं. ज्याने रोजचं काम आणि नाती अडतात असं वागणं. मग चारही ओळींखाली एक रेघ मारून सांगायचो, की यातला एकही निकष एकटा पुरेसा नाही. मुलं हे वाक्य टिपून घेत, कारण परीक्षेत ते हमखास येई. मग ठरवायचं तरी कसं, असं एकानेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी घड्याळाकडे बघितलं असतं.

माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, निमगाव केतकीच्या एसटी थांब्यावर उभा राहतो. या वाक्यात काही राहून गेलेलं नाही. तो तिथे उभा राहतो, गेली चाळीसेक वर्षं. सकाळी भाकरी खाऊन, धुतलेली टोपी घालून जातो. बारामतीहून इंदापूरकडे जाणारी किंवा तिकडून येणारी गाडी थांबली, की तिच्याभोवती एक फेरी मारून चाकं बघतो. दार लागलं की पत्र्यावर दोन थापा मारतो. गाडी हलली की उजवा हात खांद्यापर्यंत वर करतो, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हात खाली येत नाही. मग पुढची गाडी. दुपारी घरी जेवण, पुन्हा थांबा, दिवेलागणीला परत. त्याला हे काम कुणी दिलेलं नाही, त्यामुळे त्यातून निवृत्त करण्याचा प्रश्नही कधी आला नाही. गावात त्याला कंट्रोलर म्हणतात. नवीन ड्रायव्हर पहिले दोन दिवस त्याला हसतो आणि तिसऱ्या दिवशी थापेसाठी थांबतो.

मी दादामुळे मानसशास्त्राकडे वळलो असं कॉलेजात बऱ्याच जणांना वाटायचं, आणि निरोप समारंभात एका वक्त्याने ते गहिवरून सांगितलंही. खरं म्हणजे त्या वर्षी इतिहासाच्या जागा भरल्या होत्या.

मात्र शिकल्यावर फळ्यावरच्या चार ओळी दादाला लावून बघायचा मोह मला कधीच आवरला नाही. पहिल्या दोन त्याला चपखल बसत. तिसरी कधीच बसली नाही, कारण त्याला कसलाच त्रास नव्हता. चौथीवर मी अडायचो. त्याचं काम अडत नव्हतं, पण ते काम होतं का, हे मला सांगता येत नव्हतं. मी लग्न केलं नाही. त्याला एक कारण होतं आणि ते कारण दुसऱ्याशी लग्न करून नाशिकला गेलं. बारामतीत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी एकटा राहतो, आणि भोवती बरीच पुस्तकं आहेत. त्या चार ओळी स्वतःला लावून बघायचं मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर धाकट्या भावाचा फोन आला. आमची शेती आणि पानमळा तोच बघतो. दादाही त्याच्याच घरात राहतो.

"अण्णा, पोरीला सुप्याकडचं स्थळ आलंय. पोरगं नोकरीला हाय, घरचं बरं हाय. पण त्यांचा आजा चौकशीला लई पक्का हाय म्हणं."

"होऊ दे की चौकशी. आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

तो म्हणाला, "थांब्यावर हाय की."

मला समजलं. आमच्या भागात मुलीच्या घरी जाऊन कुणी चौकशी करत नाही. घरी फक्त पोहे खातात. खरी चौकशी गावात होते. पाहुण्यांचा एखादा जाणता माणूस दुसऱ्याच कामाचं निमित्त काढून येतो, चहाच्या टपरीवर नाहीतर सलूनच्या बाकावर बसतो, आणि पानमळ्याच्या गोष्टी काढत काढत घराण्यापर्यंत पोचतो. शेती कुठपर्यंत, भावाभावांत बोलणं आहे का, आणि आवाज उतरवून, घरात कुणाचं डोक्याचं काही?

"महिनाभर तुझ्याकडं ठेव त्याला," धाकटा म्हणाला. "तुझी जागा काय, मोकळीच असती."

यावर मी त्याला पुष्कळ सांगू शकलो असतो. मानसिक आजाराबद्दल समाजात असलेला संकोच या विषयावर मी तीन ठिकाणी भाषण केलं होतं आणि तिन्ही ठिकाणी शाल मिळाली होती. पण त्या आठवड्यात मी दूधवाला सोडून कुणाशी बोललो नव्हतो, आणि त्याच्याशीही बोललो होतो ते "अर्धा लिटर" एवढंच. मी म्हणालो, "घेऊन ये."

दादाने उभ्या आयुष्यात थांबा कधी सोडला नव्हता. वडील गेले त्या दिवशीही तो दुपारी थांब्यावर होता आणि लोकांनी नावं ठेवली होती. तो यायला तयार कसा झाला, याचं मला नवल वाटलं. धाकट्याने त्याला गाडीतून आणलं, पिशवी दारात ठेवली आणि निघताना माझ्या कानाशी म्हणाला, "समजावून सांगितलंय त्याला. तू काय इचारत बसू नको." मी विचारलं नाही. लोकांच्या मनातलं काढून घ्यायचं शास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण घरच्यांना सरळ प्रश्न विचारायची सवय मला लागली नाही.

दादा घरभर फिरला. माझ्या जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो आणि दुसरीवर पुस्तकं असतात.

"हितं कोण बसतं?" त्याने पुस्तकांच्या खुर्चीकडे बोट केलं.

"कुणी नाही."

"बरं," म्हणून त्याने पुस्तकं उचलून भिंतीशी ठेवली, खुर्ची पुसली आणि माझ्यासमोर बसला. मी चहा घेतला. तो माझ्याकडे बघत राहिला. कप रिकामा झाला तेव्हा कुठे त्याने नजर काढली.

पुढे रोज तसंच झालं. सकाळी मला जाग यायच्या आत चहा तयार असे, त्याच्या पद्धतीचा, गूळ घातलेला. "झोप लागली का?" हा पहिला प्रश्न. "जेवला न्हायस नीट," हा दुपारचा. मी खोलीत वाचत बसलो की तो दाराशी येऊन उभा राही, मी पान उलटलं की निघून जाई. मी त्याचं निरीक्षण करत होतो. जुनी सवय म्हणून एका वहीत नोंदीही करत होतो. जागा बदलूनही झोप चांगली. भूक चांगली. भावाशी जवळीक वाढलेली.

इमारतीत तर त्याने कमालच केली. तिथल्या लोकांची आडनावं मला दारावरच्या पाट्यांमुळे माहीत होती. ज्यांच्या दारावर पाटी नव्हती त्यांची नव्हती. दादाला आठवड्यात सगळ्यांची गावं कळली, आणि प्रत्येकाच्या गावाला कुठून कुठली गाडी जाते, हे त्याने ज्याला त्याला सांगून टाकलं. समोरच्या बाई, ज्या मला बघितल्यावर लिफ्टचं दार जरा लवकर लावायच्या, त्यांनी वाटीभर मटकीची उसळ पाठवली. खालचा वॉचमन रोज विचारू लागला, "सर, आज बरं आहे ना?" दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांशी माझा संबंध पार्किंगच्या एका नोटिशीपुरता होता. ते वर आले, अर्धा तास बसले, मला झोप लागते का ते विचारलं आणि जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. मी वहीत लिहिलं, की एका मोकळ्या माणसामुळे सगळ्या इमारतीचं वागणं बदलू शकतं. वाक्य मला आवडलं म्हणून खाली रेघही मारली.

त्याला करमावं म्हणून मी त्याला बारामतीचं नवं बसस्थानक दाखवायला नेलं. आमच्या बारामतीत काहीही बांधलं की ते विमानतळासारखं दिसावं असा दंडक आहे. दादा त्या उंच छताकडे न बघता फलाटाशी गेला. एक गाडी हलली, त्याने थाप मारली, हात वर केला. तो हात वर असतानाच मागे दुसरी हलली. मग तिसरी, दुसऱ्या टोकाला. त्याने वळून डावा हात वर केला. मग तो दोन्ही हात वर करून मधोमध उभा राहिला. माणसं बघू लागली. एक सुरक्षारक्षक येऊन अदबीने म्हणाला, "बाबा, कुठं जायचंय तुम्हाला?"

"कुठंच न्हाय."

"मग बाकावर बसा की."

दादा बसला. घरी येताना म्हणाला, "लई गाड्या हायत. हितं एकाचं काम न्हाय." त्यानंतर त्याने बसस्थानकाचं नाव काढलं नाही.

त्याच सुमाराला माझ्या जुन्या कॉलेजात मानसिक आरोग्यावर कार्यक्रम झाला. मला बोलायला बोलावलं होतं, आणि दादाला घरी ठेवण्यापेक्षा बरोबर नेलं. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. ताणतणाव कसा टाळावा हे त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघाले. त्यांना निरोप द्यायला प्राचार्यांपासून सगळे आवारात धावले. कोणी गाडीचं दार उघडलं, कोणी लावलं. गाडी हलली तशी वीस-पंचवीस माणसं हात वर करून उभी राहिली. त्यांत दादाही होता. गाडी फाटकाबाहेर गेल्याबरोबर सगळ्यांचे हात खाली आले आणि प्राचार्य जेवणाचं विचारू लागले. दादाचा हात वरच होता. मुख्य रस्त्याच्या वळणापर्यंत गाडी झाडांमधून अधूनमधून दिसत होती. एका प्राध्यापिकेने मला हळूच विचारलं, "सर, हे तुमचे कोण? थोडे..." मी म्हणालो, "थोडे सावकाश आहेत." माझ्यापुढे दोन रस्ते होते. तो माझा भाऊ आहे हे सांगणं, किंवा काहीच न सांगणं. मी तिसराच काढला. भाषण मात्र बरं झालं. विषय एकटेपणा होता.

सुप्याचे आजोबा आले ते एका मंगळवारी दुपारी, न कळवता. मी बनियनवर होतो. दार दादाने उघडलं. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी असलेला एक ताठ म्हातारा दारात उभा होता. मुलाचा आजोबा, असं त्यांनी सांगितल्यावर मी सदरा घालायला आत गेलो. बटणं वर-खाली लागली, ती पुन्हा लावली. या सगळ्यात पाच-सहा मिनिटं गेली. बाहेर आलो तेव्हा दादा चहा टाकायला उठला होता आणि म्हातारा माझ्याकडे मान जराशी कलती करून बघत होता.

"एसटीनं आलात?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"चौकशीला गाडी नेत न्हाय मी," ते म्हणाले. "गाडी बघून माणूस सावरून बोलतो. सकाळी निमगावात उतरलो, टपरीवर बसलो. म्हटलं घराणं काढावं. पण तिथं कुणी दुसरं बोलंचना. जो येतोय तो इचारतोय, कंट्रोलर कुठं हाय? ड्रायव्हर खिडकीतनं इचारतोय, म्हातारा गेला का काय? शेवटी टपरीवाला म्हणला, भावाकडं गेलाय बारामतीला. म्हटलं, बघून तरी येऊ."

दादा थांब्यावर होता तोवर, एखाद्या लिंबाच्या झाडाविषयी बोलावं, त्याहून जास्त कुणी त्याच्याविषयी बोललं नव्हतं. आम्ही त्याला हलवलं आणि तो गावचा विषय झाला. लपवायचीच वस्तू तर ती रस्त्याच्या मधोमध होती तिथेच बरी होती. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी म्हाताऱ्याच्या प्रश्नाची वाट बघत होतो, आणि प्रश्न आले ते भलतेच.

"तुमी एकटंच ऱ्हाता?"

"होय."

"किती वर्सं झाली?"

"पुष्कळ."

"जेवता येळेवर?"

"जेवतो."

"लगीन का न्हाय केलं?"

"प्रत्येकाने लग्न केलंच पाहिजे असं काही शास्त्र नाही," मी म्हणालो.

"व्हय व्हय," ते म्हणाले. ताप आलेला माणूस काही बोलला की आपण जसं म्हणतो, तसं.

मग मी सावरून बसलो आणि दादाविषयी तयार ठेवलेलं बोलू लागलो. वेगळं वागणं म्हणजे आजार नव्हे. बहुसंख्यांपेक्षा निराळा असणं हा एक निकष झाला, तो एकटा पुरेसा नाही. त्रास आहे का, अडथळा आहे का, तेही बघावं लागतं. मी चारही ओळी समजावून सांगितल्या, फळ्याची उणीव हातवाऱ्यांनी भरून काढली. दादा चहा घेऊन आला आणि मला थांबवण्यासाठी खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या," म्हातारा त्याला म्हणाला. "बोलू द्या त्यांना. बोलल्यानं बरं वाटतं."

निघताना त्यांनी दादाला सुप्याच्या गाडीचं विचारलं. दादाने सांगितलं, आणि गाडी वेळेवर सुटली नाही तर काय करायचं तेही सांगितलं. मग बाल्कनीत जाऊन, म्हातारा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने हात वर धरला. म्हाताऱ्याने वळून बघितलं आणि टोपीला हात लावला. मला वाटलं, स्थळ गेलं.

तिसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला. "जमलं. माघात लगीन. आजा म्हणला, घराणं पसंत हाय."

"दादाचं कळलं त्यांना?"

"कळलं की. म्हणला, त्या भावाला लग्नात पुढं बसवा. अण्णा, रिकाम्या भ्यानं त्याला हलवला बघ. तू आता आणून सोड. रोज दोनदा टपरीवाला इचारतोय."

ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते आता येतं. सकाळची वेळ होती. समोरच्या खुर्चीवर पुस्तकं नव्हती. स्वयंपाकघरात दादा गूळ फोडत होता आणि तो आवाज मला इकडे ऐकू येत होता. मी फोनवर म्हणालो, "आत्ता नको. अशा माणसांना एकदम बदल झेपत नाही. इथं आता त्याची घडी बसली आहे. लग्नापर्यंत राहू दे, मग बघू."

"डॉक्टरला दाखवायला पायजे का?" धाकट्याने घाबरून विचारलं.

"नको, मी आहे ना."

अशी माणसं, हा शब्दप्रयोग मी वर्गात कुणाला वापरू देत नसे. आणि बदल झेपत नाही हे खरं होतं, पण ते दादाविषयी नव्हतं. धाकट्याने वाद घातला नाही. आमच्या घरात डोक्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानतात. ही सत्ता मला एकतीस वर्षांत एकदाही वापरावी लागली नव्हती. वापरली ती अशी.

दादा राहिला. चहा करत राहिला. पण डिसेंबर सरता सरता तो बाल्कनीत जास्त वेळ उभा राहू लागला. आमच्या गल्लीतून एसटी जात नाही. कंपनीच्या बस जातात, शाळेच्या पिवळ्या जातात. तो त्यांच्याकडे बघायचा, हात वर करायचा नाही. मग टोपी धुवायची राहू लागली. मग अर्धी भाकरी ताटात राहू लागली. पहाटे उठून तो टेबलाशी बसायचा आणि मला विचारायचा, "आज वार काय?" पहिली गाडी, दुसरी गाडी, इंदापूरची मुक्कामी, असं बोटांवर मोजत राहायचा. चाळीस वर्षं त्याला न बसलेली तिसरी ओळ आता बसू लागली होती. वहीत नोंद करायला मी पेन उघडलं आणि बंद केलं. माणूस आजारी कसा होतो याची कारणं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. त्यांत कुणाला तरी सोबत हवी होती, हे कारण कधी घातलं नव्हतं.

तरीही मी आणखी आठ दिवस घेतले. हेही सांगितलं पाहिजे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी समोरच्या बाईंनी तिळाच्या वड्या आणून दिल्या. दादाने हातात घेतलेली वडी तशीच खाली ठेवली. मी विचारलं, "दादा, तुला इथं करमत नाही का?"

"मला कशाला करमाय पायजे?" तो म्हणाला. "मी काय फिराय आलोय?"

"मग?"

"तुला बरं वाटंपातूर ऱ्हा म्हणला धाकटा. अण्णाच्या डोक्याला तरास झालाय, एकटा असतो, कुणाशी बोलत न्हाय, तू जा म्हणला. म्हणून आलो. तुला कवा बरं वाटंल?"

मी वड्यांची ताटली उगाच जवळ ओढली. त्याला वाटलं, मी घाबरलो.

"मी गेलो तरी काळजी करू नगं," तो म्हणाला. "खाली समद्यांना सांगून ठेवलंय मी. वॉचमनला, बँकवाल्या सायबाला, ह्या समोरच्या ताईंना. आमच्या भावाचं जरा ठीक न्हाय, लक्ष ठेवा म्हणून. चांगली माणसं हायती. सुप्याच्या म्हाताऱ्याला पण सांगितलं. त्यो म्हणला, तुमी घरदार सोडून आला, मोठं काम केलंत."

उसळ, हात हातात घेऊन दिलेला निरोप, वॉचमनचा रोजचा प्रश्न, "बोलू द्या त्यांना", सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. वहीतलं रेघ मारलेलं वाक्यही आठवलं. मी त्याला दोन महिने न्याहाळत होतो, तो मला सांभाळत होता. त्यासाठी त्याने रजा घेतली होती, चाळीस वर्षांतली पहिली. आणि धाकट्याने त्याला सांगितलेलं खोटं होतं, असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. चार ओळी माझ्यासमोर होत्या. या वेळी मी त्या लावून बघितल्या. तास संपायची घंटा होणार नव्हती.

"मला बरं वाटतंय आता," मी म्हणालो.

"खरं सांग."

"खरंच. तुझ्यामुळं वाटलं."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, दारं-खिडक्या लागल्या का बघावं तसं. मग तिळाची वडी उचलून तोंडात टाकली. "मग उद्या सकाळची धरू," म्हणाला, आणि टोपी धुवायला घेतली.

मी गावाला नेहमी माझ्या गाडीने जातो. या वेळी त्याच्याबरोबर एसटीने गेलो. निमगावला दार उघडलं तेव्हा टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आला रं कंट्रोलर! आता टायमात यावं लागंल गाड्यास्नी."

"रजा किती टाकलीती?" ड्रायव्हरने विचारलं.

"भाऊ आजारी होता," दादा म्हणाला. पाच-सहा जणांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. दादा पिशवी खाली ठेवून गाडीची फेरी मारायला गेला.

घरी धाकट्याला मी विचारलं, की तू असं का सांगितलंस. तो हसला. "दुसरं काय सांगून आला असता तो? जागचा हालला असता का? आन अण्णा, आजा काय म्हणला म्हाईताय? एक भाऊ डोक्यानं हालला तर दुसऱ्यानं सगळं सोडून त्याच्याजवळ मुक्काम केला, असल्या घरात पोरगी वाढलीया, आजून काय बघायचं." मग म्हणाला, "तुला राग तर न्हाय ना आला?"

राग नव्हता आला. लग्नात मला कुठं बसवणार, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, तूही पुढंच बस, पण जास्त बोलू नको.

दुपारच्या बारामतीच्या गाडीने मी परत निघालो. खिडकीजवळ जागा मिळाली. दादा फेरी मारून आला, पत्र्यावर दोन थापा बसल्या, त्या आतून ऐकायला निराळ्या वाटतात, कुणी आपल्याच पाठीवर मारल्यासारख्या. गाडी हलली. त्याने हात वर केला. मी खिडकीतून मान बाहेर काढली. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो गाडीकडे बघत होता, सगळ्या गाडीकडे, जशी सकाळची गेली आणि संध्याकाळची जाईल. माझ्या पुढच्या सीटवरच्या एका बाईने बांगड्यांचा हात सहज बाहेर काढून हलवला. मीही हात काढला, पण तोवर वळण आलं होतं.

इमारतीच्या फाटकाशी वॉचमन उठून उभा राहिला. "सर, एकटेच आलात? मोठे बाबा?"

"गावी सोडलं त्यांना."

"मग आता तुमच्याकडं कोण बघणार?"

"येणार आहे तो परत," मी म्हणालो. दादा असं काही म्हणाला नव्हता.